लग्न हे नशेवरचं औषध नाही

आम्ही मुंबईतल्या लालबाग-परळच्या महिला मंडळाच्या बायका. आज तुमच्याशी तरुण मुलांच्या नशेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या पोरांचं दुखणं आम्हाला कशाला? पण आमच्याकडे मुलगा नशेला लागला की घरातली मोठी माणसं दोनच उपाय सांगतात. ‘त्याला गावी पाठवा,’ नाहीतर ‘त्याचे दोनाचे चार करा.’ म्हणजे ओझं येतं ते तुमच्याच दारात.

आमचा भाग म्हणजे गिरणगाव. कोकण, सातारा, कोल्हापूरकडची माणसं इथल्या कापडगिरण्यांत राबली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि हजारोंना पुन्हा काम मिळालं नाही. त्याच काळात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर पसरली. घरात पगार नाही, पोराच्या हाताला काम नाही, आणि पुडी मात्र गल्लीत मिळते, अशी वेळ आली. ‘गर्दुल्ला’ हा शब्द तेव्हा शिवीसारखा तोंडी बसला. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. गर्दच्या जोडीला गांजा, झोपेच्या गोळ्या, एमडी आली आहे. नशा बदलली, पण आईची लपवाछपवी तीच आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. व्यसन हा आजार आहे. शरीराला गर्दची सवय लागली की ती बंद होताच नाक-डोळे वाहतात, अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप लागत नाही. याला मुंबईत ‘टर्की’ म्हणतात. मुलाला गावी पाठवलं तर हा त्रास तुमच्या ओटीवर सुरू होतो. कुणी म्हणतं ताप, कुणी म्हणतं बाधा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडू नका, डॉक्टरकडे न्या. आणखी एक धोका आहे. काही महिने गर्द सुटली आणि मुलगा मुंबईला परतून पहिल्याइतकीच घेऊ लागला, तर शरीराला ती झेपत नाही. अशी मुलं दगावतात.

लग्नाचं तर बोलायलाच नको. मुलगा मुंबईला आहे, खोली आहे, एवढ्यावर सोयरीक ठरते. मग सहा महिन्यांत मंगळसूत्र गहाण पडतं आणि वर ऐकायचं, ‘तुला नवरा सांभाळता येत नाही.’ नवऱ्याची नशा बायकोमुळे लागत नाही आणि तिच्या उपासतापासाने सुटतही नाही. म्हणून लग्न ठरवण्याआधी विचारा. कामावर टिकतो का? उसनवारी किती? शेजाऱ्यांकडेही चौकशी करा.

उपचार आहेत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, महापालिकेच्या दवाखान्यात, मानसोपचार विभागात व्यसनावर उपचार होतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोठी मदत केली. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे, कारण घरच्यांनाही आधार लागतो.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक मुलाला विचारतो, नशा कधी आठवते, कुणाबरोबर, कशाच्या दुःखात? ते टाळायचं कसं, हे दोघं मिळून ठरवतात. घरच्यांनाही शिकवतात की उधारी आपण फेडायची नाही, हातात रोख द्यायची नाही, पण जेवायला मात्र एकत्र बसायचं. पुन्हा पाय घसरला तर ‘सगळं वाया गेलं’ म्हणू नका. परत घेऊन जा.

पोलिसांची भीती वाटते, तेही खरं. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे. थोड्या प्रमाणातल्या, स्वतःच्या सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

दोन नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत. फोन आईने केला, बहिणीने केला, वहिनीने केला तरी चालतो.

मुलाचे पैसे पुरेनासे झाले, घरातली भांडी नाहीशी होऊ लागली, जुने मित्र तुटले, तो संडासात तास तास बसू लागला, तर गप्प राहू नका. तो शुद्धीवर असताना, चारचौघांत नव्हे, शांतपणे विचारा. आणि तुमच्या गटात एखादी बाई हे सांगायला आली, तर तिचं ऐका. ती गोष्ट गावभर करू नका. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत एकीने तरी जा. एकटीने ती पायरी चढणं फार जड जातं.