निर्मनुष्य छायाचित्राचा हव्यास



मेक्सिकोतील चिचेन इत्सा हे माया लोकांचे प्राचीन नगर. १८६० साली देझिरे शार्ने हा फ्रेंच गृहस्थ रसायनाने ओल्या केलेल्या काचांवर तेथील छायाचित्रे घेत होता, तेव्हा आड येई ते रान. आज आड येतात ती माणसे. अलीकडे एकेका वर्षात २० लाखांहून अधिक! पिरॅमिडवर चढू देत नाहीत, म्हणून पायऱ्या तेवढ्या मोकळ्या मिळतात, पायथा नाही.

यावर जाणकारांची युक्ती अशी : कॅमेरा पक्का बसवावा, भिंगापुढे गडद काच लावावी आणि झडप मिनिट-दोन मिनिटे उघडी ठेवावी. चालती माणसे चित्रातून पुसली जातात. स्थिर असतो तो मात्र उमटतो. आता येथे स्थिर कोण? वर्षानुवर्षे वाटेच्या कडेला लाकडी मुखवटे मांडून बसत आलेला विक्रेता. तो बहुधा मायाच! त्यालाही कापून टाकले, की माया लोक नामशेष झाले असे चित्र आयतेच तयार होते. वस्तुतः २०२० च्या शिरगणतीत युकातानी माया भाषा बोलणारे ७ लाखांहून अधिक भरले.

दरवाजा उघडताच आत शिरून रिकाम्या पिरॅमिडचे चित्र खुशाल घ्यावे. दुसरे मात्र त्या विक्रेत्याचे, त्याला विचारून घ्यावे.