पाणी एकदा, पश्चात्ताप रोज

भाविकहो, आज निरूपणाला विषय घेतला आहे पापक्षमेचा. पुष्कळ जण विचारतात, "बुवा, क्षमा पश्चात्तापाने मिळते की बाप्तिस्म्याने?" चित्त देऊन ऐका.

प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमात पेत्र बोलायला उभा राहिला. त्याचे बोलणे लोकांच्या काळजात रुतले. आता आम्ही काय करावे, असे ते विचारू लागले. पेत्राने दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण क्रम बघा! आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा. त्या दिवशी सुमारे 3000 माणसे मंडळीत आली.

आता कोणी म्हणेल, आमचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला, चर्चच्या वहीत नाव आहे, काळजी कसली? त्याने आठवा अध्याय वाचावा. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. बाप्तिस्मा त्यानेही घेतला. आणि पुढे काय केले? हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत मागितला, प्रेषितांपुढे पैसे ठेवले! पेत्राने त्याला पुन्हा पाण्यात उतरायला सांगितले नाही. पश्चात्ताप करायला सांगितले, प्रार्थना करायला सांगितले. अंग भिजले होते, मन कोरडेच होते.

दुसरा म्हणेल, मग मनातला पश्चात्ताप पुरे, पाणी कशाला? वधस्तंभावरच्या चोराला कुठे बाप्तिस्मा मिळाला? खरे आहे. त्याने अपराध कबूल केला आणि प्रभूने त्याच दिवशीच्या सुखलोकाचे वचन दिले. पण बाबांनो, तो वधस्तंभावर टांगलेला होता. तुमचे आमचे हातपाय मोकळे आहेत! बाप्तिस्मा ही पापाची किंमत नव्हे, ती ख्रिस्ताने भरली. आपला जुना माणूस त्याच्याबरोबर पुरला गेला आणि नवा उठला, याची ती खूण आहे. ती टाळायची कशाला?

फिलिप्पैच्या तुरुंगाचा नायक बघा. पौल आणि सीला यांचे पाय त्यानेच खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली आणि त्याचे मन पालटले. त्याच रात्री त्याने काय केले? आधी त्या दोघांच्या जखमा धुतल्या, मग घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. पश्चात्ताप हाताला आला, बरं का!

तेव्हा यात्रेहून घरी जाल, तर बांधावरून भावाशी बोलणे बंद असेल, त्याच्या दारात आधी जा. कुणाचे उसने राहिले असेल, ते फेडा. बाप्तिस्मा एकदाच असतो. जखमा धुवायला पाणी मात्र रोज लागते.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!