आपला आरसा आणि शेजाऱ्याची खिडकी



वार्षिक संमेलनात वक्त्याने ज्ञातीचा गौरव करावा, असा आपला प्रघात आहे. गौरवाची पाने स्मरणिकेत पुष्कळ आहेत. म्हणून मी थोडे निराळे बोलणार आहे.

इ. स. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींचा क्रम सामाजिक प्रतिष्ठेप्रमाणे लावण्याचे ठरविले. कसोटी कोणती? तर त्या त्या जातीस इतर लोक काय समजतात, ही. झाले! ज्ञातिसभा जाग्या झाल्या, विनंतिअर्ज निघाले. १९११ साली एकट्या बंगाल प्रांतात आलेल्या अर्जांचे वजनच दीड मण भरले, असे तेथील जनगणना अधिकारी ओमॅली यांनी नमूद करून ठेवले आहे. मागणे हेच, की आम्हांस निराळ्या नावाने ओळखावे आणि क्रमात वर बसवावे. सर्वांची दृष्टी वरच्या पायरीकडे. खालच्या पायरीवरील माणसास आपण कसे दिसतो, हे विचारण्याची कोणास गरज वाटली असेल, असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपण स्वतःस कष्टाळू, सुशिक्षित, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी मंडळी समजतो. शिक्षणाविषयी हे खोटेही नाही; विद्यार्थी-साहाय्य निधीचे काम मी जवळून पाहिले आहे. परंतु रिकामी खोली भाड्याने देताना आपला पहिला प्रश्न आडनावाचा असतो. आपण तीस सावधगिरी म्हणतो. आडनाव सांगून जिना उतरणारा तरुण तीस काय म्हणत असेल? त्याच्यापुरते आपले सारे शिक्षण त्या उंबरठ्यावरच संपले. वधूवर-सूचीतील 'अनुरूप' या शब्दाचा अर्थही बाहेरचा माणूस आपल्याहून अचूक लावतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मी शिक्षक होतो. मुलाने स्वतःविषयी सांगितलेले ऐकून त्यास गुण दिल्याचे मला स्मरत नाही.

२०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. ज्ञातीचे नाव व पोटजात कशी लिहावी, याची चर्चा कार्यकारिणी करील, अवश्य करावी. मात्र त्याच बैठकीत माझी एक सूचना विचारात घ्यावी. पुढील स्मरणिकेत चार पाने ज्ञातीबाहेरच्या माणसांसाठी राखून ठेवावी. वसतिगृहातील स्वयंपाकीणबाई, कार्यालय झाडणारा गडी, शेजारच्या वाड्यातील बिऱ्हाडकरू, आणि सापडल्यास तो जिना उतरलेला तरुण, यांनी आपल्याविषयी सांगावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे कोणी उतरवून घ्यावे. संपादकांनी त्यांतील कडू शब्द गाळू नयेत, आणि खाली आपला खुलासाही छापू नये.

जाहिरातींची चार पाने कमी झाल्याने येणाऱ्या तुटीपोटी यथाशक्ति रक्कम मी आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहे.