दाव्यावर कोणाचं नाव? (इंझोरी येथील मेळाव्यातलं भाषण)



मायबहिणींनो, भावांनो, आणि मागं झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या आयांनो, जरा पुढं सरका. आजचा विषय तुमचाच आहे.

शिबिराच्या कागदावर ‘स्त्रीवाद म्हणजे काय’ असं लिहून आलं, तेव्हा गावात दोन गोष्टी ऐकू आल्या. कोणी म्हणे, हे शहरातल्या शिकलेल्या बायांचं खूळ आहे. कोणी म्हणे, आता घराघरात भांडणं लावणार. वाद हा शब्द ऐकला की आपल्याले भांडणच आठवतं. पण इथं वाद म्हणजे विचार. बाईनं काय केलं, ते कोणाच्या नावावर चढलं आणि तसं का झालं, हे विचारत जायचं. आम्ही बारावीपर्यंतच शिकलो, पण जे वाचलं त्यातून एवढं नक्की कळलं.

हा विचार बाहेरून आला म्हणता, तर आपल्या शेजारचा बुलढाणा जिल्हा पाहा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिलं. सुरतेला एका विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली होती. पेपरवाले सगळ्या बायांना नावं ठेवत होते. ताराबाईंनी विचारलं, जे दोष बाईला लावता ते पुरुषात नाहीत काय? लोक तुटून पडले. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्या काळी ना मोटार होती ना मेळावा, तरी आपल्या वऱ्हाडातली बाई हे लिहून गेली.

आणि आदिवासी बाया? 1972 च्या दुष्काळात शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. सावकार-जमीनदारांनी गिळलेल्या जमिनीसाठी भिल्ल माणसं-बाया सोबत लढत होत्या. मग बायांचं शिबिर झालं आणि बोलणं निघालं दारूचं, नवऱ्याच्या माराचं. काही पुढारी म्हणाले असतील की हा घरातला मामला आहे, आधी जमिनीचं बघू. बाया थांबल्या नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. त्याच सुमारास तिकडं अमेरिकेतल्या बाया सांगत होत्या की घरातलं दुःखसुद्धा राजकारणच आहे. शहाद्याच्या बायांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

आता आपल्याकडं या. आपली माणसं म्हणतात, आदिवासींत बाईले मान आहे, हुंडा नाही, विधवेला दुसरं घर करता येतं. खरं आहे, आणि ते जपलंच पाहिजे. पण वावराचं नाव काढलं की हा मान कुठं जातो? हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्यातच लिहिलंय की तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून तिथं पोरींना जे मिळालं, ते आपल्या पोरींना त्या कायद्यानं मिळत नाही. आपल्याकडं रीत चालते, आणि रीत सांगायला बसतात माणसं. झारखंडच्या हो जमातीच्या बायांचा असाच खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. 1996 साली कोर्टानं रीत मोडली नाही, पण जमिनीवर पोट असलेल्या बाईला तिथून हुसकता येणार नाही, एवढं सांगितलं. अर्धी भाकर मिळाली म्हणा.

वनहक्क कायद्यात मात्र जास्त आहे. 2006 च्या या कायद्यात कलम 4 मध्ये साफ आहे: लग्न झालेलं असेल तर पट्टा नवराबायको दोघांच्या नावे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. मग ती विधवा असो की नवऱ्यानं टाकलेली. हा पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. दाव्याच्या अर्जातही दावेदाराच्या नावाखाली नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव विचारलेलं आहे. ती ओळ कोरी ठेवून अर्ज देऊ नका. ‘तिचं नाव नंतर टाकू’ म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत आणि ग्रामसभेला हजर लोकांतही एक तृतीयांश बाया पाहिजेत. सही घ्यायला रजिस्टर घरी पाठवलं तर त्याला हजेरी म्हणत नाहीत.

भावांनो, यात तुमचं काय जातं? दोघांचं नाव असलं तर एकट्याला दारूच्या गुत्त्यावर बसवून कोणी कागदावर अंगठा घेऊ शकणार नाही. वावर दोघांनी काढलं, झुडपं दोघांनी तोडली, धुरे दोघांनी घातले. निंदण, मोह वेचणं, तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं, सरपण आणणं यात कोणाचे हात जास्त आहेत ते आम्ही सांगायला नको.

आता म्हाताऱ्या आयांचं. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो, हे आपल्याले दाखवावं लागतं. दंडाची पावती कोणाजवळ असते, कोणाजवळ नसते. नियमात पुराव्यांच्या यादीत दावेदाराशिवाय इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा आहे. वडीलधारे म्हटलं की आपण चार फेटेवाले बोलावतो. फेट्याचा नियम कुठं लिहिलाय? हे जंगल कधी तोडलं, पहिली ज्वारी कधी पेरली, नाकेदारानं औतं कधी जप्त केली, हे म्हातारीला पक्कं ठाऊक असतं. ती साल सांगत नाही. ती म्हणते, ‘थोरली पोटात होती तेव्हा’, ‘धाकट्याला गोवर निघाला त्या पावसाळ्यात’. त्याला हसू नका. थोरलीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे. म्हातारीचं बोलणं आणि तो दाखला एकमेकाला जोडला की साल निघतं.

म्हणून ठरवलंय, की या आठवड्यापासून रात्री जेवणं झाल्यावर गल्लीगल्लीत बसायचं. दोन पोरी वही घेऊन येतील. म्हातारी तिच्या बोलीत सांगेल तसंच लिहायचं, मग तिला वाचून दाखवायचं, आणि तिला पटलं तरच अंगठा घ्यायचा. घरातल्या माणसांनी मधे बोलू नये. ज्या घरी टाकलेली लेक परत आली असेल आणि वावर कसत असेल, त्या घरी आधी जायचं, कारण तिचा दावा अजून कोणीच लिहिलेला नाही.