गटाचा संगणक : नवा की टिकाऊ?



बचत गटाची हिशोबाची वही आता बऱ्याच गावांत संगणकात गेली आहे. आमच्या गटांनीही वर्गणी काढून एक जुना संगणक घेतला. कुणी किती कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता राहिला, सगळं त्यात. आज बोलायचं आहे ते हा संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीविषयी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमविषयी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. मार्चअखेर होती, हिशोब निम्म्यावर होता. पडद्यावर ‘नवी आवृत्ती आली आहे’ असं दिसलं आणि आम्ही ती लगेच चढवली. फाइलींची दुसरी प्रत काढलेली नव्हती. प्रिंटर चालेना. बँकेत द्यायचा ताळेबंद चार दिवस अडकला आणि शेळ्यांसाठी कर्ज मागितलेल्या दोघींचा बाजार हुकला. यंत्राला काय बोल लावायचा? वेळ आम्हीच चुकीची निवडली होती.

पुढे आम्ही उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली घ्यायचं ठरवलं. तिथेही प्रश्न आलाच, कोणती आवृत्ती घ्यायची? उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. तिच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीपुढे ‘एलटीएस’ लिहिलेलं असतं. तिला ५ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. म्हणून २४.१० नंतर येऊनही तिची मुदत २०२५ च्या जुलैत संपली, आणि आधीची २४.०४ मात्र २०२९ पर्यंत चालेल.

कॉलेजात जाणाऱ्या मुली म्हणाल्या, “ताई, नवीच घेऊ, तिच्यात सोयी जास्त.” तेही खरं आहे. शिकायचं असेल किंवा यंत्र अगदी नवं असेल, तर नव्या आवृत्तीचा उपयोग होतो. पण आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, “मेथी महिन्यात उपटावी, आंब्याचं झाड दरसाल उपटून चालतं का?” सगळ्यांना पटलं. हिशोबाच्या संगणकावर एलटीएस घेतली.

पण मैत्रिणींनो, टिकाऊ घेतली म्हणजे हात झटकून मोकळं व्हायचं नाही. आवृत्ती बदलणं वेगळं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या घेणं वेगळं. घर तेच ठेवलं तरी पावसाळ्याआधी कौलं शाकारावी लागतातच. म्हणून आम्ही चार नियम केले. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला घ्यायच्या. हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती अध्यक्षांकडे ठेवायची. मार्चमध्ये आणि कर्जवाटपाच्या आठवड्यात आवृत्ती बदलायची नाही. आणि नवी एलटीएस आली तरी घाई करायची नाही. सुरुवातीचे दोष काढून काही महिन्यांनी तिची ‘.१’ आवृत्ती येते, तोवर थांबायचं.

तुमच्या गटातही संगणक असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं विचारा : आपल्या आवृत्तीची मुदत कधी संपते आणि हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा. संगणक गटाचा असला, तरी त्यातला पैसा घराघरातल्या बाईच्या घामाचा आहे.