लाल रंग किती उरलाय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, 'निवृत्तीनंतर मी काय करतो?' माझ्याआधी बोललेल्यांपैकी एकानं सेंद्रिय ऊस लावलाय, एकजण नर्मदा परिक्रमा करून आलाय, एकीनं पन्नाशीनंतर पेटी शिकायला घेतली. मी गेलं वर्षभर एक जुनी गाडी पुसतोय. हसा, हसा. माझ्या घरातलेही हसले होते.

आमच्या अण्णांना तुमच्यापैकी बरेचजण ओळखतात. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. सहलीला आपल्याला एकदा त्यांचीच गाडी मिळाली होती आणि मी सगळ्या रस्ताभर ड्रायव्हरच्या मागची सीट सोडली नव्हती. १९९९ साली ते निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी मारुती ८०० घेतली. रंग लाल. पांढरी घ्या, उन्हात तापत नाही, असं मी पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "आयुष्यभर लाल गाडी चालवली, आता पांढरी कशाला?"

पुढची बावीस वर्षं रोज सकाळी ते खांद्यावरच्या फडक्यानं ती गाडी पुसायचे. आंघोळीच्या आधी गाडी, मग स्वतः. मी दिवाळीला माझी मोठी गाडी घेऊन यायचो. एकदा पाडव्याला त्यांनी ८०० धुऊन दारात उभी केली आणि म्हणाले, "चल, आज हिच्यातनं आदमापूरला जाऊन येऊ." मी म्हटलं, "माझ्या गाडीत ए.सी. आहे, आईला बरं पडेल." ते काही बोलले नाहीत. चावी परत खुंटीला अडकवली. एवढंच घडलं होतं, पण ते मला विसरता आलेलं नाही.

२०२१ साली अण्णा गेले. गाडी गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली तीन वर्षं उभी राहिली. २०२४ मध्ये मी निवृत्त होऊन मुरगूडला राहायला आलो, तेव्हा तिची नोंदणी संपत आली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०१४ आणि २०१९ ला अण्णांनी ते वेळेवर केलं होतं. आता कोण करणार? ८०० चं उत्पादनसुद्धा जानेवारी २०१४ मध्येच थांबलंय. मी भंगारवाल्याशी बोलून घेतलं. आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दे. पण धुऊन दे. आंगूळ न घालता कुणाला घरातनं काढत्यात व्हय?"

म्हणून मी गाडी धुवायला घेतली. द्यायची म्हणूनच.

ताडपत्री काढली तर गाडी लाल नव्हतीच, गुलाबी होती. टपावर आणि बॉनेटवर हात फिरवला तर तळव्याला गुलाबी भुकटी लागली, फळा पुसल्यावर लागते तशी. रंगाच्या धंद्यात याला चॉकिंग म्हणतात, म्हणजे खडूच. उन्हानं रंगाला धरून ठेवणारं रेझिन मरतं आणि रंगाचे कण मोकळे होतात. लाल रंगाला हे सगळ्यात लवकर होतं. त्यात आपल्याकडं हंगामात कारखान्यांची काजळी, उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलेली धूळ, आणि आमच्या दारात चिंचेवर बसणारे कावळे.

आपल्या वर्गातला एकजण रंगकाम करतो हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या बाकावरचा. आत्ताही मागेच बसलाय. त्याला बोलावलं. त्यानं थोडं पॉलिश फडक्यावर घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यात घासलं. फडकं लालभडक झालं. म्हणाला, "चांगलं हाय. वर पारदर्शक थर असता तर फडकं लाल झालं नसतं. ह्यो जुन्या पद्धतीचा एकथरी रंग हाय. खाली लाल अजून जिवंत हाय." आणि घासलेला कोपरा मला दाखवला. चार बोटं जागा, पण १९९९ ची.

त्या चार बोटांमुळं भंगारवाला राहिला.

आता जरा कामाचं सांगतो, कारण चहाच्या वेळी चार-पाचजणांनी विचारलंय. पहिली गोष्ट, धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. गाडीचा शाम्पू मिळतो. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, आणि हातातलं मऊ फडकं दर वेळी नुसत्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवा. वरून खाली या. बोअरचं पाणी अंगावर वाळू देऊ नका, पांढरे डाग पडतात.

धुतल्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी बोटांवर चढवून हात फिरवा. उघड्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून कळते. ती काढायला क्ले नावाची मऊ वडी असते. शाम्पूच्या पाण्यानं जागा ओली ठेवून ती हलकेच सरकवायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. तिच्यात रुतलेला एक वाळूचा कण दहा चरे काढतो.

मग पॉलिश. इथं माझी मोठी चूक झाली आणि ती मला सांगायचीच आहे. पॉलिश म्हणजे काहीतरी लावायचं, चपलेला लावतो तसं, अशी माझी समजूत होती. गाडीचं पॉलिश म्हणजे काढणं. त्यात बारीक घासणारे कण असतात, ते वरचा मेलेला थर खरवडतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरसकट सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे वहीचं दीड पान. तेवढ्यावर बावीस वर्षं अण्णांचं फडकं फिरलेलं, तीन वर्षं ताडपत्री घासलेली.

दुसऱ्या दिवशी मला घाई झाली. मित्रानं बारीक पॉलिश दिलं होतं. मी बाजारातून जाड रबिंग कंपाउंड आणलं आणि बॉनेटची कड दाबून घासली. पाच मिनिटांत मधोमध चिंचोक्याएवढा करडा ठिपका दिसला. मला वाटलं डाग आहे, म्हणून आणखी घासलं. तो प्रायमर होता. लाल रंग तिथं संपला होता.

मित्र आला, बघितलं आणि म्हणाला, "कडंला रंग पातळ असतोय लेका, तिथं हात हलका ठेवायचा. आता काय घासून परत येतोय व्हय?" त्यानं जुळता रंग बारीक ब्रशनं टेकवला. पण ठिपका कळतो. कळू दे.

त्यानंतर मी शिकलो. सावलीत, पत्रा थंड असताना, एका वेळी दोन वीत जागा. रबर आणि काळं प्लॅस्टिक चिकटपट्टीनं झाकून. फोमच्या गादीवर वाटाण्याएवढी तीन-चार बोटं पॉलिश, आधी आडवं, मग उभं, जोर न लावता. फडकं लाल झालं की घडी बदलायची. रोज सकाळी दोन तास, असे अकरा दिवस लागले. यंत्रानं हे एका दिवसात होतं, पण यंत्रानं काढलेला रंगही एका दिवसात जातो. माझ्यासारख्या घाई करणाऱ्याच्या हाती ते न दिलेलं बरं.

शेवटी सीलंट. पॉलिशनं फक्त खालचा रंग वर येतो. तो झाकला नाही तर पुन्हा खडू. पूर्वी मेण लावायचे, आता स्प्रेच्या बाटल्या मिळतात, बहुतेक सिलिकाच्या. तुम्हाला आठवतं, शाळा सुरू व्हायच्या आधी आपण फळा काळा करायचो? जुन्या सेलमधली काळी पूड आणि वेलाच्या पानांचा रस. फळा आधी स्वच्छ धुतलेला नसेल किंवा लेप जाड झाला, तर खडू उठायचा नाही आणि सर पुन्हा घासायला लावायचे. सीलंटचं तसंच आहे. आधी पॉलिशचा तेलकटपणा पुसून काढायचा. पत्र्यावर नव्हे, फडक्यावर दोन फवारे मारायचे, पातळ पसरवायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायचं. जास्त लावलं तर चमक वाढत नाही, ओघळ दिसतात. पुढच्या काचेवर लावू नका, वायपर फराटे ओढतो. नंतर काही तास पाणी लागू द्यायचं नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, उघड्यावर राहणाऱ्या गाडीला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हात फिरवावा. पाणी टाकल्यावर अळूच्या पानासारखे थेंब उभे राहिले तर सीलंट आहे, पाणी सपाट पसरलं तर संपलं. आणि सीलंट चरे भरत नाही. जे आहे तेवढंच राखतं.

लहानपणी आपण दसऱ्याला कोल्हापूरला जायचो, छत्रपतींची मेबॅक बघायला. ती गाडी गेल्या शतकातल्या तिशीच्या दशकातली. तेव्हा मला वाटायचं, राजाची गाडी म्हणून ती चमकते. आता कळतं, वर्षानुवर्षं कुणीतरी किती सकाळी तिच्याजवळ घालवल्या असतील.

एक गोष्ट राहिली. उन्हात तिरकं बघितलं की गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसायचे. ते कोरड्या फडक्याचे. धूळ असलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारलं की धूळच घासते. म्हणजे अण्णा ज्या प्रेमानं गाडी पुसत होते, त्यानंच ती मलूल होत गेली. ते चरे घालवताना माझा हात थांबायचा. हे सगळे त्यांच्या हाताचे होते आणि मी ते लाल पाणी करून बादलीत पिळत होतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीखाली चऱ्यांचा एक झुबका आहे. अण्णांच्या जुडग्यात घराची, शेतातल्या मोटारीच्या पेटीची आणि गाडीची अशा किल्ल्या असायच्या. दार उघडताना त्या तिथं घासायच्या. अकराव्या दिवशी तेवढीच जागा उरली. मित्र म्हणाला, "निघतील की सहज." मी तिथं पॉलिश लावलं नाही. नुसतं धुतलं आणि सीलंट फिरवलं.

आईला बाहेर आणली. ती गाडीभोवती एक फेरी मारून मुठीपाशी थांबली. बोट फिरवून म्हणाली, "ह्ये ऱ्हायलं की रं." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे." ती काही बोलली नाही. मागचं दार न उघडता पुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "आदमापूरला घे." ए.सी. नव्हता. काचा खाली केल्या. जाताना तिनं एकदाच विचारलं, "तवा का आला न्हाईस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तपासणी झाली, नोंदणी २०२९ पर्यंत वाढली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा असेन. १९८२ साली आपण दहावी झालो तेव्हा त्रेसष्ट म्हणजे म्हातारा, असं आपण म्हणायचो. आता नका म्हणू.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. जेवणानंतर जरूर बघा, बॉनेटवरचा चिंचोकाही बघा. आमच्या सरांना परत जाताना मी त्याच गाडीतून सोडणार आहे, ते मी आधीच मागून घेतलंय. एकच विनंती आहे. कुणीही प्रेमानं खिशातला रुमाल काढून ती पुसू नका.