धोका कोणता, आणि ठरवायचा कोणी?

(अकोला येथे किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून रेशन, पाणी, घरातली मारहाण यांवर आपण बोललो. मी पॅराग्लायडिंगवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. आपल्या बायांना एसटीचं अर्धं तिकीटही जड, आणि हिला उडायचं सुचतंय! हसणं साहजिक आहे. तरी विषय आपलाच आहे.

उन्हाळ्यात आपल्या वावरावर घार पंख न हलवता गोल गोल वर चढते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि घार तिच्यावर तरंगते. पॅराग्लायडिंग म्हणजे हेच. कापडी पंखाच्या कप्प्यांत हवा भरते, माणूस वाऱ्याकडे तोंड करून उतारावर धावतो आणि उचलला जातो. इंजिन नसतं. हँग ग्लायडिंगमध्ये पंखाला धातूच्या नळ्यांचा सांगाडा असतो. माणूस पालथा लटकतो आणि अंगाचं वजन सरकवून वळतो. दोन्हींत ताकदीपेक्षा वारा ओळखणं महत्त्वाचं.

महाराष्ट्रात हे शिकायला लोक मावळातल्या कामशेतला जातात. उंच डोंगरातलं नावाजलेलं ठिकाण हिमाचलातलं बीड-बिलिंग. २०१५ साली तिथे या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली. उड्डाणाची जागा सुमारे २,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून उंच. तिथे हवा विरळ, म्हणून उडताना जास्त वेगाने धावावं लागतं. हवामानही झपाट्याने बदलतं.

आता आपल्या गटातली गोष्ट. बी.ए.ला असलेल्या एका मुलीने कामशेतला शिकायला जायचं म्हणून घरी विचारलं. आजी म्हणाली, ‘‘पोरीच्या जातीले कायले पाह्यजे हे? हातपाय मोडले तं कोन करीन तिच्याशी लगन?’’ आजीचा राग येत नाही. लग्न मोडलं तर त्याची किंमत कोण मोजतं, हे तिने आयुष्यभर पाहिलंय.

पण हीच मुलगी हंगामात कापूस वेचते. वावरात साप असतात. फवारणीसाठी पाणी वाहून आणणं, औषध कालवणं हे बायाच करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर किती घरांनी आपल्या मुलींना सांगितलं की धोका आहे, वावरात जाऊ नको? कामातला धोका बाईच्या वाट्याला न विचारता येतो. ती स्वतःच्या आनंदासाठी काही मागते, तेव्हाच घराला धोका आठवतो.

याचा अर्थ धोका खोटा आहे, असा नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडताना एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. २००७ साली ऑस्ट्रेलियात सराव करताना जर्मन संघाची इव्हा विश्निएर्स्का वादळी ढगात ओढली गेली. सुमारे ९,९०० मीटर उंचीपर्यंत गेली, बेशुद्ध पडली, तरी वाचली. त्याच वादळात एक चिनी पायलट मरण पावला. वादळाने बाई-पुरुष पाहिलं नाही. म्हणून पायलटचा परवाना, हेल्मेट, राखीव पॅराशूट, विमा आणि त्या दिवसाचा वारा याविषयी प्रश्न विचारायचे, आणि समाधान झालं नाही तर परत फिरायचं. हेही मुलींना शिकवलं पाहिजे. घरी बसवल्याने ते येत नाही.

पुण्याच्या शीतल महाजन विमानातून पॅराशूटने उड्या घेतात. हा खेळ वेगळा, पण आभाळ तेच. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२३ साली एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून घेतलेल्या उडीचं तर घरोघरी कौतुक झालं. पण त्या फोटोमागे वर्षानुवर्षांचा सराव आहे, हे कोणी सांगत नाही. कौतुक एकीचं करायचं आणि आपल्या घरातलीला परवानगी नाकारायची, हे आपण ओळखायला हवं.

अजून एक. दोघांच्या उड्डाणात पर्यटक पुढे असतो, फोटोत तोच दिसतो. पंख वळवायच्या दोऱ्या मात्र मागच्या पायलटच्या हातात. नवखीसाठी ते योग्यच आहे. पण सरपंच बाई पुढे आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे आपण गावोगाव पाहतो. म्हणून ती मुलगी ‘मला फिरवून आणा’ न म्हणता ‘मला शिकायचंय’ म्हणाली, याचं मला मोल वाटतं.

वऱ्हाडाला शरीर घडवण्याची परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं; त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवली. त्या परंपरेवर आपल्या मुलींचाही हक्क आहे.

माझ्या सूचना तीन. मुलींच्या शिबिरात ‘तुला काय करून पाहायचंय’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तरं लिहून ठेवावीत. येत्या हिवाळ्यात मुलींना चिखलदऱ्याला न्यावं. उडायला नाही, कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून वारा आणि घारी पाहायला. आणि या मुलीच्या घरी आपल्यापैकी दोघींनी जाऊन आजीशी बोलावं. ‘लगन कोन करीन’ याचं उत्तर एकट्या मुलीने का द्यायचं? कोण येतंय माझ्यासोबत, ते आजच ठरवू या.